विश्लेषण : गाडीचा वायपर नेमका कुठे बिघडतो? मेरी अँडरसन यांचे १९०३ चे पेटंट आजही त्याचे उत्तर कसे देते?

पहिल्या पावसात वायपर सुरू करावा आणि काच स्वच्छ होण्याऐवजी तिच्यावर चिखलाचा पंखा उमटावा, हा अनुभव बहुतेक चालकांच्या ओळखीचा आहे. मग एक तर दिसेल ते ब्लेड विकत घेतले जाते किंवा सगळे खापर मोटरवर फोडले जाते. खरे तर वायपर हे गाडीतील सोप्या यंत्रांपैकी एक. काचेवर टेकणारे रबर, ते दाबून धरणारी स्प्रिंग, फिरणारा दांडा आणि त्याला आतून हलवणारी शक्ती, एवढाच त्याचा कारभार. तो १९०३ मध्ये पेटंटच्या कागदावर मांडला अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मेरी अँडरसन यांनी. त्यांच्या आराखड्यातील एकेक भाग क्रमाने तपासला, तर बरेचसे बिघाड गॅरेजला न जाताही सापडतात. स्वतः अँडरसन इंजिनीअर नव्हत्या आणि या शोधातून त्यांच्या हाती काहीही पडले नाही.

मेरी अँडरसन कोण होत्या?

मेरी यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८६६ रोजी अलाबामातील ग्रीन काउंटीत, बर्टन हिल नावाच्या मळ्यावर झाला. अमेरिकेतील यादवी युद्ध संपून वर्षही झाले नव्हते आणि गुलामगिरी रद्द करणारी घटनादुरुस्ती मंजूर होऊन जेमतेम अडीच महिने उलटले होते. दक्षिणेतील मळ्यांचे सारे अर्थकारण गुलामांच्या श्रमावर उभे होते. ते कोसळत असतानाच्या काळात, अशाच एका मळेवाल्या घरात मेरी वाढल्या. त्या चार वर्षांच्या असताना, १८७० मध्ये, वडील जॉन अँडरसन यांचे निधन झाले. आई रिबेका आणि बहीण फॅनी यांच्यासह पुढची वर्षे वडिलांमागे राहिलेल्या मालमत्तेवर गेली.

१८८९ मध्ये हे कुटुंब बर्मिंगहॅमला आले. हे इंग्लंडमधले नव्हे, तर अलाबामातले बर्मिंगहॅम. १८७१ मध्ये वसलेले, लोखंड आणि कोळशावर झपाट्याने वाढणारे नवे शहर. तिथे हायलँड अव्हेन्यूवर त्यांनी फेअरमाँट अपार्टमेंट्स ही भाड्याने द्यायची इमारत बांधली. वाढत्या शहरात घरभाड्याचे उत्पन्न म्हणजे खात्रीचे उत्पन्न, हे त्यांनी वेळीच ओळखले होते. १८९३ मध्ये मेरी थेट देशाच्या दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियातील फ्रेस्नोला गेल्या. तिथे त्यांनी गुरांचा मळा आणि द्राक्षबाग चालवली. आजारी मावशीची काळजी घेण्यासाठी १८९८ मध्ये त्या बर्मिंगहॅमला परतल्या. त्यांनी लग्न केले नाही.

हा तपशील मुद्दाम दिला. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या गोष्टीत मेरी अँडरसन म्हणजे अचानक कल्पना सुचलेली एक साधी प्रवासी बाई असते. प्रत्यक्षात पस्तिशी ओलांडेपर्यंत त्यांनी इमारत, गुरे, बाग असे सगळे सांभाळले होते. माणसाला कामावर ठेवणे, त्याच्याकडून हवे ते करून घेणे आणि त्याचे पैसे चुकते करणे त्यांना नवे नव्हते. पुढे हेच उपयोगी पडले.

न्यूयॉर्कच्या ट्रॅममध्ये त्यांनी काय पाहिले?

१९०२ च्या सुमाराच्या एका हिवाळ्यात अँडरसन न्यूयॉर्कला गेल्या होत्या. ट्रॅमने जाताना बाहेर अर्धवट गोठलेला पाऊस पडत होता. आपल्याकडच्या पावसासारखा तो काचेवरून ओघळून जात नाही. चिकटतो, साठतो आणि काच पांढरी करून टाकतो. ट्रॅमची पुढची काच एकसंध नव्हती, उघडता येतील अशी तावदाने तिला होती. समोरचे दिसावे म्हणून चालकाने तावदान उघडे ठेवले होते. त्यामुळे रस्ता थोडाफार दिसत होता, पण बर्फाळ वारा चालकाच्या तोंडावर आणि मागे बसलेल्या प्रवाशांवर येत होता. तावदान बंद करायचे तर गाडी थांबवून, खाली उतरून हाताने काच पुसायची.

रोज हजारो प्रवासी हे पाहत असणार. हवामानच वाईट, चालक तरी काय करणार, असे म्हणून ते उतरूनही जात असणार. अँडरसन यांनी अडचण नेमकी पकडली, असे म्हणावे लागेल. घाण काचेच्या बाहेर आहे आणि पुसणारा माणूस आत आहे. मग पुसणारी वस्तू बाहेर आणि ती हलवणारी मूठ आत असली पाहिजे. बाकी सारा आराखडा यातून निघतो.

पेटंटमध्ये काय होते?

अलाबामात परतल्यावर त्यांनी एका आरेखकाकडून आराखडा काढून घेतला आणि स्थानिक कारखान्यातून चालता नमुना बनवून घेतला. १८ जून १९०३ रोजी त्यांनी पेटंटसाठी अर्ज दाखल केला. त्याच्या दोनच दिवस आधी, १६ जूनला, डेट्रॉइटमध्ये फोर्ड मोटर कंपनीची नोंदणी झाली होती. मोटारगाडीचा धंदा तेव्हा किती बाल्यावस्थेत होता, हे या दोन तारखांवरून कळते. १० नोव्हेंबर १९०३ रोजी अँडरसन यांना ७४३८०१ क्रमांकाचे अमेरिकी पेटंट मिळाले. पेटंटचे नाव साधे होते : खिडकी साफ करण्याचे साधन. विजेवर चालणाऱ्या ट्रॅम आणि इतर वाहनांच्या काचेवरचे हिम, बर्फ हटवण्यासाठी ते होते.

चालकाजवळ आत एक मूठ. ती फिरवली की बाहेरचा दांडा काचेवरून पुढे-मागे फिरतो. दांड्याला रबर लावलेले. रबर काचेला सतत टेकलेले राहावे म्हणून स्प्रिंगची आणि वजनाची योजना. हिवाळा संपला की सारे साधन काढून ठेवता येईल, अशी सोयही होती.

मुंबई-पुण्यात जुन्या रिक्षांमध्ये चालक एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने काचेजवळची छोटी मूठ फिरवतात आणि बाहेरचा वायपर हलतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना अँडरसन यांचे साधन वेगळे समजावून सांगायला नको.

काच पुसण्याचे साधन सुचलेल्या त्या एकट्याच होत्या, असे मात्र नाही. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये जेम्स हेन्री अॅपजॉन यांनीही काच पुसणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले होते. त्यामुळे ‘पहिला वायपर कोणाचा’ हा वाद देशोदेशी वेगवेगळे उत्तर देतो. पण आतली मूठ, बाहेर काचेवर झुलणारा दांडा, रबर आणि दाब हा संच अँडरसन यांच्या पेटंटमध्ये एकत्र दिसतो, आणि आजच्या गाडीतही तो तसाच आहे. बिघाड शोधायची सुरुवात म्हणून याच संचापासून करायची, तीही बाहेरून आत.

बिघाड रबरात आहे, हे कसे ओळखायचे?

वायपरचे रबर काचेवर सरळ उभे राहून घासत नाही. त्याची ओठासारखी पातळ कड फिरण्याच्या उलट दिशेला झुकते आणि पाणी पुढे ढकलत जाते. दांडा परत फिरला की ही कड दुसऱ्या बाजूला पलटते. प्रत्येक फेरीत हे पलटणे झाले पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हात गाडी महिनोन्महिने उभी राहते, वायपर एकदाही चालत नाही आणि रबर एकाच बाजूला वाकून कडक होते. जूनमध्ये ते पलटायला नकार देते आणि काचेवरून उड्या मारत जाते. आपण जी थडथड ऐकतो, ती हीच. आपल्याकडे ब्लेड पावसाने कमी आणि उन्हाने जास्त मरतात. म्हणून ती दरवर्षी मेअखेर तपासावीत. बोटाने कड दुमडून पाहावी. ती मऊपणे परत आली नाही किंवा तिच्यावर बारीक भेगा दिसल्या, तर बदलण्याची वेळ झाली.

एकाच जागी बारीक रेघ राहत असेल, तर रबराच्या त्या जागी वाळूचा कण अडकलेला असतो किंवा कड तुटलेली असते. ओल्या फडक्याने रबर पुसून पाहावे. फडक्यावर काळे उमटेल, ते उमटणे थांबेपर्यंत पुसावे. रेघ गेली तर खर्च शून्य. राहिली तर कड तुटली आहे.

सगळ्याच काचेवर धुरकट पडदा येत असेल, रात्री समोरच्या दिव्यांचे तारे फुटलेले दिसत असतील, तर दोष वायपरचा नसून काचेचा आहे. पुढच्या गाड्यांचा धूर आणि धुलाई केंद्रातील पॉलिश यांचा तेलकट थर काचेवर बसतो. नवे ब्लेड लावूनही तो जात नाही, उलट नवे ब्लेडच खराब निघाले असे वाटते. भांडी घासायच्या साबणाच्या पाण्याने काच धुवावी, भरपूर पाण्याने साबण काढावा आणि मग वायपर चालवून पाहावा. पूर्वी वायपर बंद पडला की जुने चालक काचेवर तंबाखू चोळत, असे सांगतात. ती अंधश्रद्धा नव्हती. त्यामुळे पाण्याचे थेंब न बनता पातळ पसरट थर होतो आणि समोरचे थोडे तरी दिसते. पण आज तो उपाय करू नये, काच नंतर दिवसभर साफ होत नाही.

दाब आणि दांडा यांची तपासणी कशी करायची?

अँडरसन यांनी स्प्रिंगचा विचार केला होता, कारण रबर नुसते काचेजवळ असून भागत नाही. ते सगळीकडे सारखे दाबले गेले पाहिजे. आजही ब्लेडच्या मध्यभागी किंवा टोकाला पाण्याचा न पुसलेला पट्टा राहिला, वेग वाढल्यावर ब्लेड काचेवरून उचलल्यासारखे वाटले, तर दाबाचा संशय घ्यायचा. दोन्ही दांडे एकेक करून किंचित उचलून पाहावेत. एक दुसऱ्यापेक्षा सैल लागला, तर त्याची स्प्रिंग थकली आहे किंवा सांध्याला गंज चढला आहे. सांध्याच्या पिनेवर तेलाचा एक थेंब पुरतो. ते तेल रबरावर पडू देऊ नये.

इथे एक सावधगिरी. ब्लेड काढलेला दांडा उभा करून ठेवला आणि तो स्प्रिंगच्या जोराने काचेवर आदळला, तर काच तडकते. ब्लेडच्या काही रुपयांसाठी काचेचा खर्च ओढवू नये. ब्लेड काढण्यापूर्वी काचेवर जाड टॉवेल घडी करून ठेवावा. शिवाय चालकाच्या आणि शेजारच्या बाजूचे ब्लेड अनेक गाड्यांत वेगवेगळ्या लांबीचे असते. जुने मोजूनच नवे घ्यावे.

नवे ब्लेड, स्वच्छ काच आणि तरीही एकाच दिशेला जाताना थडथड होत असेल, तर दांडा पिळला गेला आहे. यंत्राने गाडी धुताना किंवा काच पुसणाऱ्याने दांडा ओढल्यावर असे होते. वायपर मध्यावर थांबवून बाजूने पाहिले, तर ब्लेड काचेशी काटकोनात दिसले पाहिजे. तिरके दिसले तर रबर एका बाजूला पलटते, दुसऱ्या बाजूला अडते. दांडा सरळ करण्याचे काम पान्याने जपून होते, पण अंदाज नसेल तर मेकॅनिककडून करून घ्यावे.

आता मूठ आणि दांडा यांच्यामधल्या जोडाकडे. अँडरसन यांच्या साधनात चालकाचा हातच पुढे-मागे होत होता. आजची मोटर एकाच दिशेने गोल फिरते. त्या गोल फिरण्याचे पुढे-मागे झुलणे करायला बोनेटच्या मागच्या टोकाला, काचेच्या तळाशी असलेल्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली लोखंडी पट्ट्यांची साखळी असते. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात चार दांड्यांची यंत्रणा म्हणून ती शिकवतात. या साखळीच्या शेवटी, काचेच्या तळाशी, बारीक दाते असलेला खुंट बाहेर येतो. त्यावर वायपरचा दांडा बसतो आणि एक नट तो आवळून धरतो. नटावर प्लॅस्टिकची टोपी असते.

गेल्या पावसाळ्यात माळशेज घाटाच्या अलीकडे माझ्या बाजूचा वायपर अर्ध्या काचेवर येऊन थांबला. दुसरा चालू होता, मोटरचा आवाजही येत होता. वाटेतल्या एका गॅरेजमध्ये मोटर गेली, बदलावी लागेल, असे सांगण्यात आले. मी जवळजवळ होकार दिला होता. मोटर एकच असते, ती गेली असती तर दुसरा वायपरही थांबला असता, एवढे चार वर्षे इंजिनीअरिंग शिकलेल्या माणसाला त्या पावसात सुचले नाही. पुढच्या गावात दुसऱ्या मेकॅनिकने टोपी काढली, वायपर एकदा सुरू करून बंद केला, खुंट आपल्या मूळ जागी येऊ दिला, दांडा नीट बसवला आणि नट आवळला. पाच मिनिटे लागली. त्याने पैसेही घेतले नाहीत, चहा घेतला.

मोटरचा आवाज येतो पण दोन्ही वायपर हलत नाहीत, अशा वेळी आतल्या साखळीचा जोड निखळलेला असतो. तिथले प्लॅस्टिकचे बुश झिजते आणि पट्टी गोळ्यावरून उडते. आवरण काढल्यावर हे डोळ्यांनी दिसते. वायपर हळूहळू मंद होत गेला असेल, तर खुंटाच्या नळीत गंज धरलेला असतो. त्या अवस्थेत तसाच चालवत राहिल्यास मोटर खरोखर जाते.

अँडरसन यांचे पेटंट विकले का गेले नाही?

१९०५ मध्ये अँडरसन यांनी पेटंटचे हक्क विकण्यासाठी कॅनडातील मॉन्ट्रियलच्या एका संस्थेशी पत्रव्यवहार केला. या साधनाला विक्री हाती घेण्याइतके व्यापारी मूल्य नाही, अशा अर्थाचे उत्तर आले. हे उत्तर आज हास्यास्पद वाटते, पण १९०५ चा रस्ता डोळ्यांसमोर आणला तर त्यामागचा हिशेब कळतो. त्या काळच्या बहुतेक मोटारी उघड्या होत्या, कित्येकांना पुढची काचच नव्हती. फोर्डची मॉडेल टी यायला अजून तीन वर्षे होती. काचेवर हलणारा दांडा चालकाचे लक्ष विचलित करेल, अशी शंकाही तेव्हा घेतली जात असे, असे सांगतात. राहिल्या ट्रॅम कंपन्या. पण साधन विकत घेणार कंपनी आणि थंडी खाणार चालक. ज्याचे पैसे जाणार होते, त्याचे तोंड गोठत नव्हते.

नकार स्त्री असल्यामुळे मिळाला का, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पत्रातील कारणावरून तसे ठामपणे म्हणता येत नाही. उद्योगाची बाजारपेठच तयार नव्हती, हे कारण पुरेसे आहे. मात्र एका नकारानंतर दुसरे, तिसरे दार ठोठावण्यासाठी कारखानदारांमध्ये ओळखीपाळखी लागतात, त्या अलाबामातील अविवाहित बाईकडे १९०५ मध्ये कुठून असणार? पेटंटची मुदत तेव्हा १७ वर्षांची होती. ऑगस्ट १९२० मध्ये अमेरिकेतील स्त्रियांच्या मतदानाच्या हक्काची घटनादुरुस्ती मंजूर झाली. (अलाबामातील कृष्णवर्णीय स्त्रियांना तो हक्क प्रत्यक्षात वापरू देण्यास पुढे कित्येक दशके आडकाठी होत राहिली.) त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अँडरसन यांच्या पेटंटची मुदत संपली. १९२२ मध्ये कॅडिलॅकने आपल्या गाड्यांना वायपर मुळातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. त्यानंतर वायपर बनवणाऱ्या कोणालाही त्यांना काही देण्याची गरज उरली नव्हती.

वायपरला वीज कोणी दिली, आणि तिथला बिघाड कसा शोधायचा?

मुठीच्या जागी यंत्र आणण्याचे श्रेय अनेकांचे. १९१७ मध्ये शार्लट ब्रिजवूड यांनी विजेवर चालणाऱ्या काच-सफाई यंत्राचे पेटंट घेतले. मूकपटांच्या काळातील प्रसिद्ध अभिनेत्री फ्लॉरेन्स लॉरेन्स ही त्यांची कन्या. त्यांचेही पेटंट काही कमाई न होताच निष्प्रभ झाले. क्लीव्हलँडचे विल्यम फोलबर्थ यांनी इंजिनच्या हवेच्या ओढीवर चालणारा वायपर आणला आणि तो अनेक वर्षे रूढ राहिला. त्याची खोड अशी, की चढावर अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनमधली हवेची ओढ कमी होई आणि वायपर मंदावे. घाटात, पावसात, ऐन चढणीवर! विजेची मोटर आल्यावर ही कटकट गेली. बॉशने १९२६ मध्ये विजेवरचा वायपर बाजारात आणला.

विजेचा बिघाड शोधायचा तो आवाजावरून. चावी फिरवून, वायपर सुरू करून कान द्यावा. काहीच आवाज नसेल तर आधी फ्यूज. फ्यूजपेटीच्या झाकणावर वायपरचा फ्यूज कोणता ते लिहिलेले असते. जळलेला असेल तर तितक्याच अँपिअरचा नवा लावावा. तोही लगेच जळला, तर कुठे तरी वायर घासली आहे किंवा यंत्रणा अडकून मोटरवर भार येतो आहे. अशा वेळी मोठ्या अँपिअरचा फ्यूज किंवा तार लावण्याचा उद्योग करू नये. फ्यूज वाचतो आणि वायरिंग जळते. फ्यूज ठीक असेल, तर मोटरच्या जोडणीपर्यंत वीज येते का, हे टेस्टरने पाहिल्याशिवाय मोटर बदलू नये. मोटरची अर्थिंगची वायर गंजली असली तरी मोटर मेल्यासारखीच वागते.

वेग एकच मिळत असेल, तर मोटरच्या आतील ब्रश किंवा स्टिअरिंगजवळचा स्विच पाहावा. अनेक मोटरमध्ये जलद वेगासाठी तिसरा ब्रश वेगळा असतो. बंद केल्यावर वायपर खाली न जाता काचेच्या मध्येच थांबत असतील, तर मोटरच्या गिअरपेटीतील पार्किंगचा संपर्क झिजलेला असतो. फक्त थांबून-थांबून चालण्याची सोय गेली असेल आणि बाकी सारे चालू असेल, तर रिले किंवा नव्या गाड्यांत त्याचे काम करणारा नियंत्रक तपासायचा.

ही थांबून-थांबून चालण्याची सोय रॉबर्ट कर्न्स यांची. अमेरिकेतल्याच या इंजिनीअरने कपॅसिटर हळूहळू भरत जाण्याच्या वेळेचा उपयोग करून दोन फेऱ्यांमधली विश्रांती साधली. १९६७ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. फोर्ड आणि क्रायस्लर यांच्याविरुद्ध ते वर्षानुवर्षे कोर्टात लढले. १९९० मध्ये फोर्डने त्यांना सुमारे एक कोटी डॉलर दिले, क्रायस्लरकडून पुढे त्याहून मोठी रक्कम मिळाली. अँडरसन यांना असा खटला भरण्याची संधीच नव्हती. पेटंटची मुदत असेपर्यंत त्यांच्या कल्पनेकडे उद्योगाने पाठ फिरवली होती आणि वायपर हवासा झाला तोवर कल्पना सगळ्यांची झाली होती.

अँडरसन यांचे पुढे काय झाले?

वायपर रूढ होत असताना अँडरसन बर्मिंगहॅममध्ये फेअरमाँट अपार्टमेंट्सचा कारभार पाहत होत्या. तो त्यांनी शेवटपर्यंत सांभाळला. दुसरे पेटंट घेण्याच्या भानगडीत त्या पडल्या नाहीत. इमारतीसमोरच्या हायलँड अव्हेन्यूवरून जाणाऱ्या गाड्यांच्या काचांवर त्यांचा आराखडा वर्षानुवर्षे हलत राहिला.

२७ जून १९५३ रोजी टेनेसीतील माँटईगल येथील उन्हाळी घरी, वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बर्मिंगहॅमच्या एल्मवूड दफनभूमीत त्यांना पुरण्यात आले. योगायोग असा, की त्याच वर्षी रॉबर्ट कर्न्स यांचे लग्न झाले आणि लग्नाच्या रात्री शॅम्पेनच्या बाटलीचे बूच उडून त्यांचा एक डोळा जायबंदी झाला. पापणी लवते तसा वायपर का लवू नये, हा त्यांचा विचार त्या जखमी डोळ्यातून निघाल्याचे सांगितले जाते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक कीर्तिदालनात मेरी अँडरसन यांचे नाव २०११ मध्ये समाविष्ट झाले. पेटंट मिळून तेव्हा १०८ वर्षे होत आली होती.